टेबल रिकामं, तरी 'जागा नाही'

दुकानदार, हॉटेलवाले, घरमालक किंवा कंपनी यांनी रंग-वंश पाहून वेगळी वागणूक दिली तर कायद्याने काय करता येतं, याबद्दल अमेरिकेतल्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. त्यातली काही या अंकात घेतली आहेत. नावं काढून टाकली आहेत. उत्तरं सर्वसाधारण माहितीची आहेत. ज्यांची मुदत संपत आली असेल त्यांनी अंक बाजूला ठेवून आधी वकील गाठावा.

प्रश्न : आम्ही चौघं शनिवारी संध्याकाळी एका रेस्टॉरंटमध्ये गेलो. निम्मी टेबलं रिकामी होती, पण दारावरच्या मुलीने 'रिझर्वेशन नसेल तर जागा नाही' म्हणून परत पाठवलं. आम्ही गाडीपाशी उभे असतानाच एक गोरं जोडपं आत गेलं आणि खिडकीजवळ बसलं. त्यांचंही रिझर्वेशन नव्हतं, हे त्यांनीच नंतर आम्हाला सांगितलं. पोलिसांत जायचं का? (वाचक, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : पोलिसांत नको. हा मामला दिवाणी आहे, तिथे फौजदाराचं काम नाही. तुमच्या बाजूने दोन फेडरल, म्हणजे सबंध देशाला लागू असलेले, कायदे आहेत आणि दोघांचा उपयोग वेगळा आहे.

पहिला १९६४चा नागरी हक्क कायदा. त्याचा दुसरा भाग, ज्याला वकील 'टायटल टू' म्हणतात, रेस्टॉरंट, हॉटेल, मोटेल, गॅस स्टेशन, थिएटर आणि स्टेडियम यांना वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून गिऱ्हाईक नाकारायला मनाई करतो. 'खाजगी धंद्याला सरकार हे कसं सांगू शकतं?' हा वाद तेव्हाही झाला होता. १८७५मध्ये असाच एक कायदा झाला होता आणि १८८३मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उडवून लावला होता. चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी माणसांना नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. म्हणून १९६४मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आंतरराज्य व्यापाराचा आधार घेतला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला कोर्टाने दोन निकाल दिले. एक अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या मोटेलविरुद्ध होता, दुसरा बर्मिंगहॅममधल्या 'ऑलीज बार्बेक्यू' या घरगुती रेस्टॉरंटविरुद्ध. ऑलीजकडे परगावची गिऱ्हाइकं फारशी येत नसत, पण वर्षाला घेतलेल्या मालापैकी ४६ टक्के, म्हणजे ६९,६८३ डॉलरचं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं. तेवढं पुरलं. त्यामुळे 'आमचा धंदा लहान, स्थानिक आहे' ही सबब आज कोणी मांडत नाही.

पण टायटल टूमध्ये नुकसानभरपाई नाही. कोर्ट वागणूक बदलण्याचा हुकूम देतं आणि तुम्ही जिंकलात तर वकिलाची फी देववतं, बस. शिवाय ज्या राज्यात असाच कायदा आणि तो राबवणारी कचेरी आहे, तिथे आधी त्या कचेरीला लेखी कळवून ३० दिवस थांबावं लागतं. पेनसिल्व्हेनियात अशी कचेरी, म्हणजे ह्यूमन रिलेशन्स कमिशन आहे आणि तिच्याकडे तक्रार करायची मुदत १८० दिवसांची आहे.

पैसे मिळू शकतात ते दुसऱ्या, कितीतरी जुन्या कायद्याखाली. यादवी युद्ध संपल्यावर १८६६मध्ये झालेल्या कायद्याचं आजचं रूप 'कलम १९८१' म्हणून ओळखलं जातं. हा आकडा सालाचा नाही, संहितेतल्या कलमाचा आहे, आणि यावरून पुष्कळांचा घोळ होतो. करार करण्याचा आणि तो अमलात आणण्याचा हक्क सर्वांना गोऱ्या नागरिकांइतकाच आहे, असं हे कलम सांगतं. जेवणाची ऑर्डर देणं हा करारच आहे. भरपाईला इथे वरची मर्यादा नाही. मुदत मात्र फसवी आहे. करार झाल्यानंतरच्या वागणुकीबद्दल दावा असेल तर चार वर्षं मिळतात. तुमच्यासारखा मुळातच नकार असेल तर राज्याची मुदत लागते आणि ती अनेक राज्यांत, पेनसिल्व्हेनियातही, दोनच वर्षांची आहे.

आता पुरावा. २०२०मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वंश हे 'एक' कारण होतं एवढ्याने भागत नाही; तुमचा वंश वेगळा असता तर नकार मिळालाच नसता, हे दाखवावं लागतं. म्हणून त्या जोडप्याचा फोन नंबर ही तुमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू आहे. तो नसेल तर तुमची केस अर्धी झाली असं समजा. त्याच रात्री लिहून ठेवायचं ते असं: किती वाजता पोचलात, किती टेबलं रिकामी दिसली, मुलीचे नेमके शब्द (तुमचा अर्थ नको), जोडपं किती मिनिटांनी आत गेलं. मग दोन-तीन दिवसांतच रेस्टॉरंटला पत्र पाठवा, पोच मिळेल अशा टपालाने. त्यात त्या वेळेचं दाराजवळच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि रिझर्वेशनच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी जपून ठेवण्याची मागणी करा. कॅमेऱ्याच्या चित्रणावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत नवं चित्रण चढतं. पत्र पोचल्यानंतर ते पुसलं गेलं तर कोर्टात त्याचा जाब द्यावा लागतो. पत्रच नसेल तर कोणी विचारत नाही. सॉफ्टवेअरमधल्या नोंदी उलटही फिरू शकतात. जोडप्याने ॲपवरून वेटिंग लिस्टला नाव लावलेलं निघालं, तर हॉटेलवाल्याची बाजू भक्कम होते.

गुपचूप रेकॉर्डिंगचा मोह होतो. फेडरल कायद्याला बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, पण पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खाजगी संभाषणाला सगळ्यांची लागते. तिथे कागद-पेनच बरं.

प्रश्न : 'भारतीय' हा वंश आहे की देश? माझ्या तक्रारीच्या फॉर्मवर दोन्हींच्या चौकटी आहेत. (वाचक, इलिनॉय)

उत्तर : दोन्ही चौकटींवर खूण करा. प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कलम १९८१ फक्त वंशभेदाला लागतं, मूळ देशाला नाही. पण १९८७मध्ये एका अरब वंशाच्या प्राध्यापकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १८६६च्या काळी 'वंश' शब्दाचा अर्थ काय होता ते तपासलं आणि पूर्वजांवरून वा जमातीच्या वैशिष्ट्यांवरून केलेला भेदही त्यात धरला. आपण त्यात बसतो. मात्र सगळी तक्रार 'मी भारतातून आलो म्हणून' एवढ्याच शब्दांत लिहिली, तर समोरचा वकील तोच धागा पकडतो. रंग, वंश, पूर्वज हे शब्द खरे असतील तर तक्रारीत यायला हवेत. नोकरीच्या तक्रारीत न मांडलेला मुद्दा पुढे कोर्टात बाद होऊ शकतो.

याच सुप्रीम कोर्टाने १९२३मध्ये पंजाबमधून आलेल्या भगतसिंग थिंड यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. आपण उच्च जातीचे आर्य असल्याने गोऱ्यांत मोडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. जातीवर पुढे एक प्रश्न आहेच.

प्रश्न : मोठ्या दुकानात सिक्युरिटीवाला सगळा वेळ माझ्या मागे फिरत होता. पैसे भरून निघाल्यावर दाराशी पिशवी उघडायला लावली. इतर कुणाची उघडली नाही. दावा लागेल? (वाचक, टेक्सास)

उत्तर : कायद्याची ही बाजू लंगडी आहे. टायटल टूच्या यादीत हॉटेल आणि खानावळी आहेत, कपड्याची-किराण्याची दुकानं नाहीत. आत उपाहारगृह असेल तर गोष्ट वेगळी. कलम १९८१ला करार अडलेला हवा. तुम्हाला वस्तू घ्यायची होती, पैसे होते, पण घेऊ दिली नाही, असं दाखवावं लागतं. तुम्ही खरेदी केली, पावती हातात आहे, म्हणजे करार पुरा झाला. नुसतं मागे फिरल्याबद्दलचे दावे फेडरल कोर्टांनी बहुतेकदा काढून टाकले आहेत. पाळतीला कंटाळून वस्तू काउंटरवरच ठेवून निघून गेलेल्या माणसालाही 'तू स्वतःच गेलास' हे ऐकावं लागतं. त्यामुळे वस्तू घ्यायचीच असेल तर काउंटरपर्यंत जा, पैसे पुढे करा आणि नकार मिळाला तर तो तिथे, त्यांच्या तोंडून मिळू द्या.

अशा वेळी राज्याचा कायदा कामाला येतो, आणि इथे पत्त्यावर सगळं अवलंबून आहे. कॅलिफोर्नियाचा १९५९चा अनरू कायदा प्रत्येक प्रकारच्या धंद्याला लागतो आणि दर प्रसंगी किमान ४,००० डॉलर देववतो. न्यू जर्सीच्या कायद्यातही दुकानं येतात. तिथे राज्याच्या कचेरीकडे १८० दिवसांत किंवा कोर्टात दोन वर्षांत जाता येतं. टेक्सासमध्ये वंशभेदाबद्दल दुकानांना लागू होणारा राज्यव्यापी कायदाच नाही. तुमच्या शहराचा स्वतःचा नियम आहे का ते पाहा. ऑस्टिन, डॅलस यांचे आहेत. पिशवीसाठी अडवून ठेवलं असेल तर एक वेगळी वाट उरते. चोरीचा रास्त संशय असल्याशिवाय आणि रास्त वेळेपेक्षा जास्त दुकानदाराला कुणाला अडवता येत नाही. किती मिनिटं थांबवलं, वाट अडवली का, हे लिहून ठेवा. 'दाखवता का?' म्हटल्यावर तुम्ही आपणहून पिशवी उघडली असेल, तर हीही वाट अरुंद होते.

प्रश्न : फोनवर 'अपार्टमेंट आहे, या' म्हणाले. मी पोचल्यावर 'आत्ताच गेलं'. जाहिरात अजून दिसते आहे. दुसऱ्या एका घरमालकाने तर 'तुमच्या स्वयंपाकाचा वास भिंतीत बसतो' असं सरळ सांगितलं. (वाचक, ओहायो)

उत्तर : घराच्या बाबतीत कायदा सर्वांत धारदार आहे. ११ एप्रिल १९६८ला सही झालेला फेअर हाउसिंग कायदा नकार तर पकडतोच, पण 'जागा नाही' हे खोटं सांगणंही वेगळा भंग धरतो.

पहिल्या प्रसंगात आजच जाहिरातीचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. मग तुमच्या भागातल्या फेअर हाउसिंग संस्थेला फोन करा, मित्राला पाठवू नका. या संस्था मिळकत आणि कुटुंबाचा आकार सारखा, पण वंश वेगळा असलेली दोन माणसं एकामागून एक पाठवतात आणि दोघांना काय सांगितलं ते स्वतंत्रपणे लिहून घेतात. अशा परीक्षकाला घर भाड्याने घ्यायचं नसलं तरी खोटी माहिती मिळाली म्हणून त्याला स्वतःलाही दावा लावता येतो, असं सुप्रीम कोर्टाने १९८२मध्ये मान्य केलं आहे. उत्साही मित्राची साक्ष उलटतपासणीत ढासळते. प्रशिक्षित परीक्षकाची सहसा टिकते. पण हे चार-पाच दिवसांत व्हायला हवं, कारण नंतर अपार्टमेंट खरंच जातं.

वासाचं वाक्य म्हणजे आयता पुरावा. मूळ देश किंवा वंश पाहून पसंती-नापसंती दाखवणारं विधान करणं हाच भंग आहे, मग घर पुढे मिळालं असलं तरी. फोडणीचा वास हे घर सोडताना कार्पेट धुण्याचे पैसे कापण्याचं कारण होऊ शकेल, तेही सगळ्यांकडून कापत असतील तर. अर्ज नाकारण्याचं नाही. चारपर्यंत घरांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर त्याला या कायद्यातून बरीच सूट आहे, पण जाहिरात आणि विधानांना सूट नाही. शिवाय १८६६च्या कायद्याचं जुळं कलम १९८२ वंशाच्या बाबतीत अशी कोणतीही सूट देत नाही.

केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे हडकडे, एका वर्षात फुकट तक्रार करता येते. कोर्टात दोन वर्षांत. दोन्ही वाटा खुल्या आहेत. नव्याने आलेल्यांना क्रेडिट हिस्टरी नसते. त्याबद्दल जास्त डिपॉझिट मागणं कायदेशीर आहे. ते फक्त भारतीयांकडून मागणं नाही.

प्रश्न : रूममेटच्या जाहिरातीत 'मराठी, शाकाहारी मुलगी हवी' लिहिलं तर अडचण? (वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : स्वतःच्या घरात कोणाबरोबर राहायचं ही निवड फेअर हाउसिंग कायद्यात येत नाही, असं तुमच्याकडच्या नवव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे फेडरल अपील कोर्टाने, २०१२मध्ये ठरवलं आहे. स्वयंपाकघर, बाथरूम सामाईक असलेलं एकच घर असेल तोवर हे खरं. तीच ओळ मालक म्हणून रिकाम्या फ्लॅटच्या जाहिरातीत टाकलीत तर फसाल.

प्रश्न : मुलाखत छान झाली, मग 'गिऱ्हाइकांना तुमचे उच्चार जड जातील' असं कळवलं. (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : उच्चार कामाच्या आड येत असतील, तेही खरोखर, तरच हे कारण चालतं. फोनवर इमर्जन्सी कॉल घेणाऱ्याचं एक, कोड लिहिणाऱ्याचं दुसरं. गिऱ्हाइकांची आवड हा बचाव वंशाच्या बाबतीत मुळीच चालत नाही. 'आमच्या पेशंटला गोरीच नर्स हवी' म्हणून ड्यूटी बदलणाऱ्या संस्थाही कोर्टात हरल्या आहेत.

पंधरा किंवा जास्त नोकर असलेल्या मालकाविरुद्ध समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करायची असते. मुदत १८० दिवस, आणि न्यू जर्सीसारखी स्वतःची कचेरी असलेल्या राज्यांत ३०० दिवस. कंपनीच्या एचआरकडे तक्रार केली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. बहुतेक चांगल्या केसेस इथेच मरतात. आयोगाने दावा लावायचा परवाना दिला की कोर्टात जायला ९० दिवस. मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून वरची मर्यादा नोकरांच्या संख्येवर ठरते: १०० पर्यंत ५०,००० डॉलर, ५००च्या वर ३,००,०००. बुडालेला पगार याबाहेर. वंशाचा दावा असेल तर कलम १९८१ सोबत जोडतात, कारण तिथे ना मर्यादा ना पंधराची अट.

एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा स्पॉन्सर करायला नकार देणं हा भेदभाव नाही. पण नोकरी मिळाल्यावर काम करण्याचा परवाना तपासणाऱ्या आय-नाइन फॉर्मसाठी 'ग्रीन कार्डच दाखवा' म्हणणं चुकीचं. मान्य यादीतली कोणती कागदपत्रं द्यायची ते नोकराने ठरवायचं असतं.

प्रश्न : जात? इथे आपल्याच लोकांनी आडनाव विचारून कामावरून बाजूला केलं. (वाचक, वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : फेडरल कायद्यात 'जात' हा शब्द नाही. सिॲटलने फेब्रुवारी २०२३मध्ये तो आपल्या शहर कायद्यात घातला. नोकरी, घर आणि धंदे तिन्हींना तो लागतो. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३मध्ये ते परत पाठवलं. कारण दिलं, की सध्याच्या कायद्यातल्या पूर्वज वगैरे वर्गांत जात येतेच. तुमचं काम सिॲटलच्या हद्दीत असेल तर शहराच्या नागरी हक्क कचेरीकडे जा. हद्दीबाहेर असेल तर तक्रारीत 'पूर्वज' हा मुद्दा ठळकपणे घाला. आडनाव, गाव, आहार कोणी कधी विचारला, हे तारखांसह लिहा. आयोगाच्या अमेरिकन अधिकाऱ्याला आडनावावरून जात कशी कळते हे समजावणारं अर्धं पानही जोडा. त्याशिवाय त्याला भेदभाव दिसणारच नाही.

प्रश्न : आमचं चाळीस खोल्यांचं मोटेल आहे. 'तीस मैलांच्या आत पत्ता असेल तर खोली नाही' असा नियम पार्ट्यांमुळे केला. आता एका काळ्या गिऱ्हाइकाने वकिलाचं पत्र पाठवलं आहे. नियम तर वंशावर नाही! (वाचक, जॉर्जिया)

उत्तर : नियम नव्हे, तो कुणाला लावला गेला हे तपासलं जाईल. गेल्या वर्षभरात जवळचा पत्ता असलेल्या किती जणांना खोली दिली, त्यात गोरे किती, हे तुमच्याच रजिस्टरमधून निघेल. 'ओळखीचे होते', 'साधे वाटले' म्हणून दिलेली प्रत्येक खोली तुमच्या विरुद्ध उभी राहते. पत्र आलं आहे, तेव्हा रजिस्टर, ईमेल, चित्रण यातलं काहीही पुसू नका. तक्रारदाराला फोन करू नका. ज्या क्लार्कने खरं सांगितलं त्याला कामावरून काढू नका. सूडाचा दावा मूळ दाव्यापेक्षा सोपा असतो आणि मालक तिथेच जास्त हरतात.

पुढे नियम ठेवायचाच असेल तर लेखी, काउंटरवर लावलेला, सॉफ्टवेअरमध्येच पत्ता अडवणारा ठेवा, म्हणजे क्लार्कच्या नजरेवर काही उरणार नाही. आगाऊ पैसे, डिपॉझिट, ओळखपत्र यांचंही तसंच. डेनीज या रेस्टॉरंटच्या साखळीत काळ्या गिऱ्हाइकांकडून आधी पैसे मागितले जात, अशा तक्रारी होत्या. १९९४मध्ये तडजोडीत कंपनीला सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर मोजावे लागले. पोलिसांना बोलावण्याचा नियमही लिहून ठेवा. २०१८मध्ये फिलाडेल्फियाच्या स्टारबक्समध्ये काही न मागवता कुणाची तरी वाट पाहत बसलेल्या दोन काळ्या तरुणांसाठी पोलीस बोलावले गेले. त्यानंतर कंपनीने २९ मे रोजी देशातली आठ हजारांवर दुकानं दुपारभर बंद ठेवून प्रशिक्षण दिलं. 'कोणालाही सेवा नाकारण्याचा हक्क राखून आहोत' ही पाटी लावून कायदा बदलत नाही. दंगा, धूम्रपान, थकलेलं बिल अशा कारणांनी नकार द्या, आणि ते कारण त्याच वेळी रजिस्टरमध्ये लिहा. तीन महिन्यांनी आठवून लिहिलेलं कारण कोर्टात कारण राहत नाही, सबब होतं.

आणि रूम साफ करणाऱ्यांच्या जाहिरातीत 'भारतीय हवेत' असेल तर तीही आजच उतरवा. हे कायदे गोऱ्या अर्जदारालाही तितकेच लागू आहेत. त्याच्यावर पुराव्याचं जास्तीचं ओझं टाकता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५मध्ये एकमताने सांगितलं आहे.